पुन्हा आलेली मेरी पॉपिन्स

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यातलीच एखादी बाई उठून चार शब्द बोलते, ही आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी विषय घेतला आहे मुलांच्या एका चित्रपटाचा, आणि तोही इंग्रजी. सातवी शिकलेल्या बाईने इंग्रजी चित्रपटावर काय बोलायचे, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. पण माझी मुलगी शेजारी बसून वाक्यावाक्याचा अर्थ सांगत होती, आणि तो चित्रपट ज्या पुस्तकांवरून निघाला त्यांची व त्यांच्या लेखिकेची माहितीही तिनेच मला वाचून दाखवली. शिवाय खरे सांगू का, त्यातले निम्मे मला न सांगताही समजले. आई गेलेले घर, भांबावलेला बाप, वयाआधी शहाणी झालेली पोरे आणि दारात उभे राहिलेले बँकेचे लोक, हे समजायला कोणती भाषा लागते?

चित्रपटाचे नाव ‘मेरी पॉपिन्स रिटर्न्स’, म्हणजे ‘मेरी पॉपिन्स पुन्हा येते’. तो २०१८ च्या डिसेंबरात आला. पण ‘पुन्हा’ म्हटले की आधी एकदा आलेली असली पाहिजे, म्हणून पहिल्यांदा ती कशी आली होती तेवढे थोडक्यात सांगते.

पहिला ‘मेरी पॉपिन्स’ हा चित्रपट वॉल्ट डिस्ने यांनी १९६४ साली काढला. गोष्ट १९१० सालच्या लंडनमधली. चेरी ट्री लेन नावाच्या गल्लीत सतरा नंबरच्या घरात बँक्स नावाचे कुटुंब राहते. गृहस्थ बँकेत नोकरीला. घरात सगळे घड्याळाच्या काट्यावर चालले पाहिजे, असा त्यांचा खाक्या. बाई बायकांच्या मताच्या हक्कासाठी सभा-मिरवणुकांत गुंतलेल्या. जेन आणि मायकेल ही दोन मुले. पैसाअडका, नोकरचाकर, सर्व काही आहे, पण मुलांना सांभाळायला ठेवलेली एकही बाई टिकत नाही, कारण मुलांना हवे असतात आईबाप आणि मिळते पगारी बाई. अशा घरात वाऱ्यावरून छत्री धरून मेरी पॉपिन्स उतरते. चेहरा कडक, बोलणे तोलून-मापून, आणि पिशवीतून मात्र उभा दिवा निघतो! ती मुलांना फरशीवर खडूने काढलेल्या चित्राच्या आत घेऊन जाते. हसू अनावर झाले की छतापर्यंत तरंगणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेते. आणि हे सारे करून, ‘असे काही झालेच नाही’ असा चेहरा करते. शेवटी बाप नोकरी गमावतो आणि मुले मिळवतो. मुलांचा मोडलेला पतंग तो स्वतःच्या हाताने दुरुस्त करतो, आई आपली मताच्या हक्काची पट्टी त्या पतंगाला शेपटी म्हणून बांधते, आणि सारे घर मैदानावर पतंग उडवायला जाते. त्या गडबडीत मेरी पॉपिन्स गुपचूप निघून जाते. तिचे काम झालेले असते.

या चित्रपटाला ऑस्करची तेरा नामांकने होती व पाच पारितोषिके मिळाली. मेरी पॉपिन्सचे काम करणारी ज्युली अँड्र्यूज हिचा हा पहिलाच चित्रपट, आणि पहिल्याच चित्रपटाला तिला उत्तम अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. डिस्ने तिला विचारायला गेले तेव्हा तिला दिवस गेलेले होते. तिने तसे सांगितले, तर ते म्हणाले की आम्ही थांबतो. आणि ते थांबले. नोकरी करणाऱ्या आपल्या लेकीसुनांना अशा वेळी काय काय ऐकून घ्यावे लागते ते तुम्ही जाणताच, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्यातले साखरेच्या चमच्याचे गाणे साऱ्या जगातल्या मुलांना पाठ आहे. ते कसे सुचले ते ऐका. गाणी रचणारे शर्मन नावाचे दोघे भाऊ होते. त्यांच्यातल्या एकाचा मुलगा शाळेतून आला आणि म्हणाला, आज पोलिओची लस दिली. बापाला वाटले, सुई टोचली असेल. मुलगा म्हणाला, छे, साखरेच्या खड्यावर औषध घालून दिले. त्यावरून ते गाणे झाले. आपणही कडेवर पोरे घेऊन पोलिओच्या बूथवर रांगा लावल्या आहेत, आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. तेव्हा त्या गाण्याशी आपले थोडे नाते आहे असे म्हणायला हरकत नाही.

आता या मेरी पॉपिन्सला जन्म देणाऱ्या बाईविषयी. पी. एल. ट्रॅव्हर्स हे त्यांचे लेखनाचे नाव. मूळ नाव हेलन गॉफ, जन्म १८९९ सालचा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतातला. वडील बँकेत व्यवस्थापक होते, पण दारूचे व्यसन लागले, पद खाली आले, आणि हेलन सात वर्षांची असताना ते वारले. तीन मुली पदरात घेऊन आई नातलगांच्या आधाराने दिवस काढू लागली. एका वादळी रात्री ती इतकी खचली की, ‘मी ओढ्यात जीव देते’ असे म्हणून घराबाहेर पडली. हेलन थोरली, तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिने धाकट्या बहिणींना चुलाण्यापुढे एका गोधडीत गुरफटून घेतले आणि पंख नसताना उडणाऱ्या एका पांढऱ्या घोड्याची गोष्ट सांगत बसली. सांगत असताना तिचे कान दाराकडे होते. आई परत आली. जीव न देता परत आली.

मैत्रिणींनो, मेरी पॉपिन्सची गोष्ट ज्या बाईने लिहिली तिचे लहानपण हे असे होते. घरातले मोठे माणूस कोसळते तेव्हा पोरांना कोणीतरी धीराचे, ताठ कण्याचे माणूस हवे असते, हे ती अनुभवाने शिकली होती. पुढे इंग्लंडात गेल्यावर १९३४ साली तिने मेरी पॉपिन्सचे पहिले पुस्तक लिहिले आणि १९८८ पर्यंत एकूण आठ पुस्तके लिहिली. डिस्ने वीसेक वर्षे तिच्या मागे लागले होते, तेव्हा कुठे १९६१ साली तिने होकार दिला. चित्रपट तयार झाल्यावर मात्र तो तिला रुचला नाही. विशेषतः त्यात घातलेली चालती-बोलती रंगीत चित्रे तिला मुळीच पसंत पडली नाहीत. तिची मेरी पॉपिन्स पुष्कळ करडी होती, आणि पडद्यावरची फारच गोड झाली होती. १९९६ साली ती वारली. त्यानंतर बावीस वर्षांनी, आणि पहिल्या चित्रपटानंतर तब्बल चोपन्न वर्षांनी, हा दुसरा चित्रपट आला.

दिग्दर्शक रॉब मार्शल. मेरी पॉपिन्सचे काम एमिली ब्लंट हिने केले आहे. काळ १९३० नंतरचा. त्या वेळी जगभर मंदी होती, आणि एकट्या ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांच्या आसपास पोचली होती. पहिल्या चित्रपटातला छोटा मायकेल आता बाप झाला आहे. घर तेच, सतरा नंबरचे. अ‍ॅनाबेल, जॉन आणि धाकटा जॉर्जी अशी त्याला तीन मुले. त्याची बायको केट वर्षापूर्वी वारली. तो मनाने चित्रकार, पण पोट भरण्यासाठी वडिलांच्याच बँकेत तात्पुरती नोकरी धरलेली. घरावर कर्ज काढलेले, हप्ते थकलेले. बँकेचे दोन वकील दारात येऊन सांगतात की शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत सगळी रक्कम भरा, नाही तर घर सोडा. वडिलांनी बँकेचे शेअर ठेवले होते एवढे आठवते, पण कागद कुठे ठेवला ते सापडत नाही. सारे घर उलथेपालथे होते. अडगळीत जुना पतंग निघतो, तोही बाप टाकून देतो. जॉर्जी तो उचलतो, सोसाट्याच्या वाऱ्यात उडवतो, आणि ढगांतून पतंगाच्या दोरीला धरून मेरी पॉपिन्स खाली येते.

हा दुसरा चित्रपट आला तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. म्हणाले, ही पहिल्याची नक्कल आहे. वरवर पाहता तसे वाटते खरे. तिथे धुराडी साफ करणारा बर्ट, इथे रस्त्यावरचे दिवे लावणारा जॅक. तिथे छताला लागणारा म्हातारा, इथे ठराविक बुधवारी घरासकट उलटी होणारी टॉप्सी बाई. तिथे खडूच्या चित्रात शिरणे, इथे चिनी मातीच्या भांड्यावरच्या चित्रात शिरणे. नाचणारे पेंग्विन दोन्हीकडे. साच्यातून काढलेल्या मोदकांसारखे दोन्ही चित्रपट दिसतात, हे मी नाकारत नाही. या दुसऱ्याला ऑस्करची चार नामांकने मिळाली, पारितोषिक एकही नाही. आणि त्यातली गाणी पहिल्याइतकी ओठांवर बसत नाहीत, हेही खरे.

पण नक्कल म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहिल्या नाहीत असे मला वाटते.

पहिली गोष्ट अशी की, यातले पुष्कळसे त्या बाईंच्या पुस्तकांतूनच आले आहे. १९३५ साली तिचे दुसरे पुस्तक निघाले. त्यात मेरी पॉपिन्स पतंगाच्या दोरीला धरूनच उतरते. भांड्यावरच्या चित्रात ओढले जाणे त्यातच आहे, उलटे होणारे नातेवाईक त्यातच, आणि शेवटची फुग्यांची जत्राही त्यातच. ‘दार उघडेपर्यंत मी राहीन’ हा तिचा वायदा १९४३ सालच्या तिसऱ्या पुस्तकातला. म्हणजे मालमसाला बाईंच्याच घरचा, फक्त स्वयंपाक दुसऱ्याने केला.

दुसरी गोष्ट मोठी आहे. पहिल्या चित्रपटात आईबाप होते, पण मुलांच्या वाट्याला येत नव्हते. असे आईबाप परत मिळवता येतात. बापाने घड्याळ बाजूला ठेवले की तो मुलांचा होतो. दुसऱ्या चित्रपटात आई मेली आहे. ती कोणत्याच जादूने परत येणार नाही. मेरी पॉपिन्सला भांड्याच्या आत जाता येते, आंघोळीच्या टबातून समुद्रात उतरता येते, पण केटला परत आणणे तिच्या हातात नाही, आणि ती तसे एकदाही भासवत नाही. मुलांच्या चित्रपटात एवढे खरे बोलायला धैर्य लागते. माझ्या मते हा दुसरा चित्रपट काढण्याचे सार्थक इथे झाले.

आता ते भांडे पाहा. ते त्यांच्या आईचे. मुलांना वाटते की ते फार मोलाचे आहे आणि ते विकून घर वाचवता येईल. त्यावरून भावंडांत ओढाताण होते आणि भांड्याला तडा जातो. ते सांधून घ्यायला टॉप्सीबाईकडे नेतात, तेव्हा कळते की बाजारात त्याला काही किंमतच नाही. आपल्या घरी सासूबाईंचे पितळी पातेले असते, आईची फाटकी पैठणी असते. बोहारणीला विचारले तर ती काय देईल? आणि आपल्याला विचारले तर? मुलांना हा भेद कोणी भाषण करून सांगितला नाही. तडा गेलेले भांडे हातात घेऊन तो त्यांना समजला.

भांड्यातल्या स्वप्नातून घाबरून उठल्यावर तिन्ही मुलांना आईची फार आठवण येते. तेव्हा मेरी पॉपिन्स त्यांना एक गाणे म्हणून झोपवते. त्याचा आशय एवढाच की, हरवलेल्या गोष्टी नाहीशा होत नाहीत, त्यांची एक जागा असते, आणि आईही तशीच कुठेतरी तुमच्यावर लक्ष ठेवून आहे. गाणे अगदी साधे. पण खरी गंमत पुढे आहे. बँकेत मुलांनी गोंधळ घातला म्हणून बाप संतापतो. घरी येऊन त्यांच्यावर ओरडतो आणि ओरडता ओरडता खचतो. तेव्हा धाकटा जॉर्जी पुढे होऊन तेच गाणे बापाला म्हणून दाखवतो. दोघे मोठेही त्याला साथ देतात. बाप तिघांना कवेत घेतो. त्याला समजते की मी एकटाच दुःख करत बसलो होतो आणि ही पोरे आपापले दुःख गिळून माझा संसार चालवत होती.

मैत्रिणींनो, या जागी मला जरा थांबायचे आहे. आपल्याकडे घरातली बाई गेली की आपण काय करतो? दिवस-कार्य होते, तसबिरीला हार लागतो. तिच्या साड्या कोणाकोणाला वाटून टाकतो. आणि मुलांसमोर तिचा विषय काढायचा नाही असे ठरवतो. मूल विचारते, ‘आई कुठे गेली?’ आपण म्हणतो, ‘देवाघरी.’ ते विचारते, ‘कधी येणार?’ आपण त्याला बाहेर खेळायला पाठवतो. यात आपल्या मनात माया असते, त्याला रडू येऊ नये ही इच्छा असते. पण मूल त्यातून दुसरेच काही शिकते. आईचे नाव घेतले की मोठ्यांचे चेहरे उतरतात, म्हणून ते नाव घ्यायचे नाही, हे ते शिकते. मग ते शहाण्यासारखे वागू लागते, आणि आपण शेजारीपाजारी कौतुकाने सांगतो, ‘पोर किती समंजस आहे हो!’ चित्रपटातली अ‍ॅनाबेल आणि जॉन अशीच समंजस आहेत. किराणा आणतात, हिशेब पाहतात, बापाची समजूत काढतात. त्यांना पाहून प्रेक्षकांना कौतुक वाटते, पण मेरी पॉपिन्स त्यांना धरून आधी टबात घालते! पोरांनी पोरांसारखे भिजले पाहिजे, हे तिला कळते.

माझी भावजय दोन वर्षांपूर्वी वारली, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणी तेव्हा धावून आल्या होत्या. तिची मुलगी, माझी भाची, नऊ वर्षांची आहे. हा चित्रपट आम्ही घरी दूरदर्शन संचावर लावला तेव्हा तीही होती. गाणे लागले तशी ती माझ्या मांडीला येऊन टेकली. चित्रपट संपेपर्यंत काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, “आत्या, आईचा मसाल्याचा डबा कुठे आहे गं?” भावाने तो माळ्यावर ठेवून दिला होता. पाहिला की जीव कासावीस होतो म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याने शिडी लावून तो खाली काढला. आतली हळद अजून तशीच होती. पोरीने डबा घासला, पुसला, आणि त्यात नवे जिरे-मोहरी भरली. आता तो ओट्यावर असतो. फोडणी घालताना बापलेक तिच्या आईविषयी बोलतात. कधी हसतात, कधी डोळे पुसतात. मी एवढेच म्हणते की, चित्रपट मुलांना रडवतो म्हणून वाईट असे मानू नका. रडू आतमध्ये होतेच. त्याला वाट मिळाली.

आता पैशाविषयी बोलल्याशिवाय माझ्याने राहवत नाही, कारण घर चालवणाऱ्या बाईला चित्रपटातलेसुद्धा हिशेब दिसतात.

शेअरचा कागद शेवटी सापडतो. कुठे, तर जॉर्जीने पतंगाला ठिगळ लावले त्या कागदावरच. मायकेलने त्याच्या कोऱ्या बाजूला मुलांचे चित्र काढले होते! मग बँकेपर्यंत पोचायला वेळ अपुरा पडतो, म्हणून दिवेवाले बिग बेनच्या मनोऱ्यावर चढतात आणि मेरी पॉपिन्स घड्याळाचा काटा मागे सारते. इतके करूनही बँकेचा लबाड अधिकारी विल्किन्स म्हणतो, कागदाचा सहीचा तुकडाच नाही, चालणार नाही. तेवढ्यात थोरले मालक मिस्टर डॉझ येतात आणि सांगतात की, मायकेलने लहानपणी दिलेले दोन पेनी त्याच्या वडिलांनी बँकेत ठेवले होते, ते वाढून एवढे झाले आहेत की सगळे कर्ज फिटेल.

मी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसले. त्या वेळी इंग्लंडात बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला दोनशे चाळीस पेनी; १९७१ पर्यंत तिथे हाच हिशेब होता, जसे आपल्याकडे १९५७ पर्यंत आणे-पै होते. दोन पेनी पाच टक्के चक्रवाढ व्याजाने पंचवीस वर्षे ठेवले तर पावणेसात पेनी होतात. बारा टक्के धरले तरी चौतीस पेनी, म्हणजे दोन शिलिंग दहा पेनी. एवढ्यात घर तर सोडाच, घराचे कुलूपही येणार नाही! चित्रपट म्हणतो, पैसा हुशारीने गुंतवला. आपल्या भिशीतल्या कोणी बाईने असा हिशेब मांडला असता तर आपण तिला खजिनदार ठेवले नसते.

माझी तक्रार आहे ती ही. आई परत येत नाही हे जो चित्रपट मुलांना निर्भयपणे सांगतो, तोच कर्जाच्या बाबतीत मात्र परीकथा सांगून मोकळा होतो. कर्ज फिटते ते महिन्याच्या महिन्याला, हप्त्याहप्त्याने, कुठल्या तरी साडीवर पाणी सोडून. मुलांसोबत चित्रपट पाहाल तेव्हा त्यांना हा हिशेब जरूर करून दाखवा. त्याने गोडी कमी होणार नाही, उलट गणित पक्के होईल. आणि त्या दोन पेनींचा दुसरा अर्थही सांगा. पहिल्या चित्रपटात मुलाला ते पाखरांना दाणे घालायला हवे होते आणि मोठ्यांनी ते मागितले म्हणून केवढा गोंधळ झाला होता. शेवटी मुलाने ते आपण होऊन बापाच्या हातात ठेवले. बापाने मुलाची ती दोन पेनी क्षुद्र समजून खिशात टाकली नाहीत, जपली. व्याज कितीही असो, ही जपणूक खरी होती.

बायकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगते. पहिल्या चित्रपटातल्या आईची मताच्या हक्काची चळवळ जरा थट्टेनेच दाखवली आहे, आणि शेवटी ती आपली पट्टी पतंगाला बांधून टाकते, जणू आता त्या खुळाची गरज नाही. पण इतिहास काय सांगतो? ब्रिटनमध्ये १९१८ साली तीस वर्षांवरच्या काही बायकांना मत मिळाले आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने सर्व सज्ञान बायकांना. ते खूळ असते तर मिळाले नसते. दुसऱ्या चित्रपटात त्याची थोडी भरपाई आहे. आईचा वसा लेकीने, जेनने, घेतला आहे. ती कमी मजुरीवर राबणाऱ्या कामगारांसाठी संघटनेचे काम करते, आणि तिची कोणी थट्टा करत नाही. भाऊ अडचणीत येताच ती आत्या म्हणून घरात हजर असते. चळवळ करणारी बाई घराला पारखी होते असे ज्यांना वाटते त्यांनी जेनकडे पाहावे.

आणि दोन म्हातारी माणसे पाहायला विसरू नका. पहिल्या चित्रपटात बर्टचे काम करणारे डिक व्हॅन डाइक या दुसऱ्यात मिस्टर डॉझ होऊन आले आहेत. वयाच्या ९१ व्या वर्षी ते टेबलावर चढून नाचले! आणि फुगे विकणारी आजी झाली आहे अँजेला लॅन्सबरी, तीही नव्वदी ओलांडलेली. २०२२ साली ती वारली. गुडघे दुखतात म्हणून मंडळाच्या जिन्यावरून परत फिरणाऱ्या आपल्या काही मैत्रिणी इथे बसल्या आहेत, त्यांच्यासाठी हे सांगितले. कोणी रागावू नये.

शेवटी वसंतातली जत्रा असते. ज्याने त्याने आपला फुगा आपणच निवडायचा. मायकेल फुगा हातात घेतो आणि जमिनीवरून वर उचलला जातो. लहानपणी जे खरोखर घडले होते ते मोठेपणी तो विसरला होता, ते त्याला आठवते. मग ही मोठी माणसे उद्या पुन्हा सारे विसरणार, असे बोलणे होते. घराचे दार वाऱ्याने उघडते आणि मेरी पॉपिन्स छत्री उघडून निघून जाते. तिचा वायदाच तसा होता. बायको गेल्यापासून बंद झालेले ते घर उघडले, आता तिची गरज उरली नाही.

आपल्या दारी छत्री धरून कोणी उतरणार नाही, हे आपण जाणतोच. पण आपल्या चाळींत आणि इमारतींत आई किंवा बाप गमावलेली मुले आहेत. एकट्याने पोरे सांभाळणारे बाप आहेत, एकट्या आया आहेत. त्यांच्याकडे आपण डबा देतो, ते चांगलेच आहे. डबा देताना घटकाभर बसून गेलेल्या माणसाविषयी बोललो, मुलांना बोलू दिले, तर अधिक चांगले. दार उघडे ठेवायला जादू लागत नाही.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. मे महिन्याच्या सुटीत आपल्या सभागृहात मुलांसाठी हे दोन्ही चित्रपट दाखवावेत. एक शनिवारी, दुसरा रविवारी. अर्थ सांगायला माझी मुलगी तयार आहे. मुले एकटी पाठवू नका, प्रत्येकीने शेजारी बसावे, आणि जिच्या घरी मुले नाहीत तिने शेजारच्यांची घेऊन यावे. सात-आठ वर्षांखालची मुले भांड्यातल्या लांडग्याच्या पाठलागाला जरा घाबरतील, त्यांना मांडीवर घ्यावे. चिवडा आणि लाडवांसाठी थोडीशी वर्गणी पुरेल. सभागृह मिळवण्याचे काम अध्यक्षबाईंनी मनावर घ्यावे, ही विनंती.